दोन डोळ्यांची छाटणी

२३ जानेवारी १९७६

पाय मोडला. डावा. गुडघ्याखाली, दोन ठिकाणी. आणि मोडला कुणी? संत व्हँसाँनं! आम्हा द्राक्षवाल्यांचा रखवालदार म्हणे!

काल त्याचा सण. वर्षभर त्याची मूर्ती जोआनेस त्रिशारच्या घरी होती, यंदा आमच्याकडे मुक्कामाला यायची होती. रीतीप्रमाणे मूर्ती वाहायच्या दांडीला पुढे जुना यजमान, मागे नवा. कारंज्यापाशी जोआनेस डावीकडे वळला. मी उजवीकडे. मिरवणूक कायम उजवीकडेच वळते, माझ्या आज्याच्या काळापासून!

"उजवीकडे बर्फ आहे, आंतेल्म," तो म्हणाला.

"मला शिकवू नकोस!" मी म्हणालो. एवढं स्वच्छ आठवतंय. त्यानंतरचं आठवतंय ते आडवं झाल्यावरचं. पाच फुटी संत, अख्ख्या ओक लाकडाचा, माझ्या नडगीवर. सगळे धावले — आधी संताकडे! त्याच्या हातातला द्राक्षांचा घड तुटला का बघायला. ओरखडासुद्धा नाही. मग कुणीतरी म्हणालं, अरे, हा आंतेल्म लापालू ओरडतोय बहुतेक.

सहा आठवडे प्लास्टर. मग काठी. खाट खिडकीला लावलीय. संत पायथ्याशी उभा, माझ्याकडे बघतोय. लाज कशी वाटत नाही!

२४ जानेवारी

मदतमंडळाची माणसं येऊन गेली. स्वयंपाकघरात बसून त्यांनी माझी वाईन प्यायली आणि ठरवलं की नियमाप्रमाणे माझी छाटणी सगळे मिळून करणार. मंडळाचा नियमच आहे — सभासद आजारी पडला की बाकीच्यांनी त्याच्या वेली सांभाळायच्या. दर बुधवारी आणि शनिवारी सात-सात माणसं येणार.

 मी म्हणालो, "नको, कशाला तसदी!" अध्यक्ष क्लॉदियूस म्हणाला, "तसदी कसली, नियम आहे." आणि वही काढून कलम सात वाचलं: आजारी सभासदानं वेलींत पाऊल टाकू नये, चाललेल्या कामाबद्दल बरावाईट शब्द काढू नये. कसूर झाल्यास त्यानं अख्ख्या मंडळाला जेवू घालावं. खाली सह्या. त्यात एक सही आमच्या पणजोबांची! म्हाताऱ्यानं घात केला.

फिलोमेननं — म्हणजे बायकोनं — तिथंच सांगून टाकलं, "बेचाळीस सभासद आहेत. मी नाही रांधणार. तोंडाला कुलूप लाव."

जाताना क्लॉदियूसनं कागदाची चळत ठेवली. "पडल्या पडल्या एवढं कर. नव्या चाखणघराच्या भिंतीवर रंगवायला मजकूर हवाय. आपल्या मुलखाच्या वाईनचा इतिहास आणि स्वभाव. एक पान. पाहुण्यांना वाचायला."

म्हणजे माझ्या वेलींवर त्यांच्या कात्र्या आणि माझ्या हातात पेन्सिल. वा रे वाटणी!

२५ जानेवारी

लिहायला बसलो. म्हणजे बसलेलोच होतो.

"सन १३९५. वर उत्तरेला, बुर्गोनीत एक ड्यूक होता. गाढव होता." — हे खोडलं. "थोर माणूस म्हणवायचा, पण गाढव होता." बरं वाटलं.

आमच्या गामे द्राक्षाबद्दल त्यानं हुकूम काढला: अतिशय वाईट आणि अतिशय बेइमान वेल, उपटून टाका! बेइमान! वेल काय कुणाचा हात धरून पळून गेली होती? भरपूर पिकते, लवकर पिकते, गरिबाच्या पेल्यात पडते, हा तिचा गुन्हा. उपटली तिला. ती आली खाली आमच्या टेकड्यांवर, ग्रॅनाइटवर, जिथं गवतसुद्धा नाक मुरडतं. आणि इथं अशी रमली की काय सांगावं!

ड्यूकवर तीन पानं झाली. सहाशे वर्षं होत आली, पण माझी अजून तळपायाची आग मस्तकात जाते. सध्या एकाच तळपायाची.

२८ जानेवारी, बुधवार

आले. सातजण. ते थेट ब्रुलेतच शिरले!

ब्रुले म्हणजे माझा जीव. नावाचा अर्थ जळालेलं, उतरणच तशी आहे, दुपारी दगड तापतात. वेली ऐंशी वर्षांच्या. मुळांना कीड लागून सगळा मुलूख उजाड झाला, तेव्हा आजोबांनी अमेरिकी मुळांवर कलमं करून लावल्या. तार नाही, मांडव नाही. बुटकं खोड आणि वर पेल्यासारखी उघडी पसरलेली चार-पाच शिंगं. प्रत्येक शिंगावर एक काडी ठेवायची, काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी. दोन! वरच्या डोळ्याचं तोंड बाहेर, म्हणजे पेला उघडा राहतो, आत ऊन-वारा खेळतो. तीन डोळे ठेवलेत की म्हातारी वेल हावरटासारखी घड धरते आणि दोन-चार वर्षांत मरते. भलत्या जागी मोठा घाव घातलात की शिंगच वाळतं. परत येत नाही.

हे सगळं मला कळतं. सत्तावन्न साली माकाँच्या जत्रेत ब्रुलेच्या वाईनला पदक मिळालं ते काय उगाच? सगळा मुलूख म्हणतो, लापालूचा हात वेगळाच!

जावयाची घोड्यांच्या शर्यतीची दुर्बीण मागवून घेतलीय. लावली डोळ्याला. पहिलाच दिसला फेर्नां — लियोंचा निवृत्त व्यायाममास्तर, दहा वर्षांपूर्वी वेली घेतल्या, छाटणी पुस्तकातून शिकला. एकेका वेलीपुढं गुडघे वाकवून उभा राहतो. विचार करतो. मग कापतो. मग परत विचार करतो — आता कापलेल्याचा! मोजले डोळे. तीन. पुढच्या वेलीला चार!! मी खिडकीची काच ठोकली. त्यानं मान वर करून आनंदानं हात हलवला.

२९ जानेवारी

काल फिलोमेन होतीच तिथं. पुरुष कापत पुढे जातात, मागून बायका काड्या वेचतात, तशीच रीत आहे. विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं."

"फेर्नांनं चार डोळे ठेवले!"

"मला नाही बाई दिसले."

"अगं, मला इथून दिसले!"

"मग तुला जास्त दिसतात. सूप घे."

३१ जानेवारी, शनिवार

आज जोआनेस त्रिशारही आला. ज्यानं मला पाडलं तो! मेंढी भादरावी तसा सुटला होता. कच कच कच. एका दमात अर्धी ओळ. दोन शिंगं तर सरळ उडवलीच. वाळकी असतील कदाचित. कदाचित! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुर्बिणीतून पाण्याचंही मोठं दिसतं.

जोआनेसशी माझं एकोणीस वर्षं धड बोलणं नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला वाटू नये की मी क्षुल्लक माणूस आहे. सत्तावन्न साली, पदक मिळालं त्या संध्याकाळी, सगळ्यांसमोर त्यानं माझी वाईन घोटभर घेतली, तोंडात घोळवली आणि म्हणाला, "बरी आहे."

बरी!

१ फेब्रुवारी

पाय खाजतोय. प्लास्टरमध्ये विणायची सुई घातली. सुई आतच राहिली.

२ फेब्रुवारी

डॉक्टरनं सुई काढली. फिलोमेन हसत होती. डॉक्टरही. संतसुद्धा हसल्यासारखा वाटला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज काहीतरी विलक्षण पाहिलं!

उजाडता उजाडता जाग आली. फिलोमेन शेळ्यांचं दूध काढायला गेलेली. सवयीनं दुर्बीण लावली. ब्रुलेत कुणीतरी होतं! एकटंच. तपकिरी लांब कोट, टोपी डोक्यावरून ओढलेली, पाठ माझ्याकडे. आज तर मंगळवार — कुणाची पाळी नाही. आणि ते जे कुणी होतं ते बुधवार-शनिवारची घाण निस्तरत होतं. फेर्नांच्या चार डोळ्यांचे दोन करत होतं. जोआनेसनं भलतीकडे वळवलेले पेले उघडत होतं. विचार नाही, घाई नाही. हात काडीपाशी गेला की काडीला कळावं कुठं तुटायचं, असा हात!

मी श्वास धरून बघत राहिलो. कारण तो हात मी ओळखतो. गेली चाळीस वर्षं ब्रुलेच्या वेली ज्या हातानं छाटलेल्या दिसतात, तो हात. अगदी माझा हात! या गावात माझ्यासारखं छाटणारा दुसरा कुणी आहे, आणि मला ठाऊक नाही?

५ फेब्रुवारी

कालच्या सातांनी घातलेला गोंधळ आज सकाळी पुन्हा त्या कोटानं निस्तरला. तोंड काही दिसत नाही. पण असा तपकिरी टोपीचा कोट गावात एकच आहे, आणि तो कुणाचा हे मला पक्कं ठाऊक आहे.

जोआनेस त्रिशारचा!

म्हणजे शनिवारी चारचौघांत मुद्दाम वाईट कापतो आणि पहाटे येऊन गुपचूप दुरुस्त करतो? का? लाज? पश्चात्ताप? माणूस इतका गुंतागुंतीचा असतो हे आजवर कुणी मला सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

क्लॉदियूस मजकूर घेऊन परत आला. म्हणाला, "आंतेल्म, यात ड्यूक चौदा वेळा आलाय. वाईन तीन वेळा. त्यातली एकदा ड्यूकच्या डोक्यावर ओतायला."

"इतिहास आहे तो."

"इतिहास पुढेही गेला ना रे! लोक चाखायला येणार आहेत, सूड घ्यायला नाही."

एक पान. ड्यूकला दोन ओळी. त्या दोन ओळींत काय काय बसवू?

७ फेब्रुवारी

रात्रंदिवस त्या हाताचाच विचार. शेवटी मन घट्ट केलं. फिलोमेनला म्हणालो, "तळघरातून सत्तरच्या ब्रुलेची एक बाटली काढ. जोआनेसला नेऊन दे."

तिच्या हातातून वाटी पडली. "कुणाला?"

"बहिरी आहेस का? जोआनेस त्रिशारला. सांग, लापालूनं पाठवलीय, त्या हाताबद्दल."

"कुठल्या हाताबद्दल?"

"त्याला कळेल."

 तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

१० फेब्रुवारी

जोआनेस आला! आमच्या घरी! एकोणीस वर्षांनी! टोपी हातात, दारातच घुटमळत. संभाषण शब्दशः लिहून ठेवतो.

तो म्हणाला, "बाटली मिळाली. मला वाटलं नव्हतं, तू आधी हात पुढं करशील."

मी म्हणालो, "हात तर तुझा, जोआनेस. चारचौघांत बोलणार नाही मी. पण तू जे केलंस ते मी पाहिलंय."

तो लालबुंद झाला. "मुद्दाम नाही केलं रे. हातून झालं."

"असलं हातूनच होतं. डोक्यानं नाही होत."

"त्या दिवसापासून झोप नाही मला."

"म्हणूनच इतक्या लवकर उठतोस!"

तो गोंधळून बघत राहिला. विनय! मग हळूच म्हणाला, "पुन्हा नाही होणार असं."

"पुन्हा नाही? अरे, रोज कर! माझ्यासाठी कर!"

त्यानं घाबरून संताकडे पाहिलं. मग माझ्या प्लास्टरकडे. म्हणाला, "आंतेल्म, तुला फार दुखतंय का रे?"

त्याला बसवलं, ओतली. सॉसेज आणि शेळीचं चीज आलं. दुसऱ्या पेल्यानंतर त्यानं पेला खाली ठेवला. म्हणाला, "सत्तावन्न साली मी 'बरी' म्हणालो ना... बरी नव्हती ती. फार चांगली होती. माझ्या पोटात दुखलं. तसल्या वेली, तसली छाटणी — मला जन्मात जमली नाही."

"जमते की! आता जमते!" मी म्हणालो.

दोघंही रडलो. फिलोमेन दारात उभी राहून ऐकत होती. खांदे हलत होते, तिलाही रडू आलं असावं. तिनं हातातलं फडकंच तोंडावर धरलं होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सातजण येऊन गेले. फेर्नांनं आज एका वेलीवर एकही डोळा ठेवला नाही. टक्कल. आता मला राग येत नाही. सकाळी माझा माणूस येईल.

१६ फेब्रुवारी

आला. टकलाचंही काहीतरी केलं त्यानं — खालून फुटलेली एक कोवळी काडी राखली, त्यावरून नवं शिंग धरायला. मलाही सुचलं असतं. बहुतेक.

शेळ्या आजकाल फार दूध देतायत वाटतं. फिलोमेनला दोन-दोन तास लागतात.

१९ फेब्रुवारी

मजकूर पुढे सरकला. ड्यूक दोन ओळींत संपवला (दुसरी ओळ फक्त "गाढव" एवढीच आहे). मग अळीचं प्रकरण लिहायला घेतलं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखात अशी अळी पडली की पानं उरेनात. कुणी प्रार्थना केल्या, कुणी मिरवणुका काढल्या. आणि रोमानेशच्या एका माणसाच्या लक्षात आलं की घरातलं धुण्याचं गरम पाणी ज्या वेलीवर पडतं, तिला अळी नाही. लोक त्याला वर्षानुवर्षं हसले. मग सगळ्यांनीच हिवाळ्यात किटल्या घेऊन वेलींना आंघोळी घातल्या. अळी गेली. त्याचा पुतळा आहे आता.

फिलोमेनला वाचून दाखवलं. ती मोजे रफू करत होती. म्हणाली, "आणि पाणी कोण फेकायचं?"

"काय?"

"धुण्याचं पाणी. पुतळेवाला धुणं धूत होता का?"

"ते इतिहासात दिलेलं नाही."

"हं," ती म्हणाली.

बायकांना इतिहासातलं नेमकं नको तेच सुचतं.

२५ फेब्रुवारी

आता स्वभाव. वरच्या बुर्गोनीतल्या वाईनी वीस वीस वर्षं तळघरात तोंड वाकडं करून बसतात, आणि मग त्यांच्यापुढं टोपी काढून उभं राहायचं. आमची तशी नाही. अख्खे घड पिंपात जातात, आतल्या आत फुटतात, नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत वाईन तयार! लियोंच्या खानावळीत जाड बुडाच्या बाटलीतून येते, थंडगार, स्ट्रॉबेरीचा वास, आली, बसली, हसवलं, संपली. ड्यूकला हेच खटकलं असणार. हसणारी माणसं हुकूम ऐकत नाहीत.

पण ब्रुलेची तशी नुसती हसरी नाही. ती थांबतेही. सत्तरची अजून काय आहे! ते कशामुळं? ग्रॅनाइट, म्हाताऱ्या वेली, हे तर आहेच. पण खरी गोष्ट शेवटी लिहिली: "ब्रुलेच्या वाईनचा स्वभाव छाटणीत आहे. दोन डोळे, बाहेर तोंड, उघडा पेला — हा लापालूंचा हात."

वाचून माझाच ऊर भरून आला.

४ मार्च

प्लास्टर निघालं! आतून जो पाय निघाला तो माझा नाही, कुठल्यातरी कोंबडीचा आहे. काठी मिळाली. मंडळ "बरा झाला" म्हणेपर्यंत मात्र वेलींत पाऊल नाही.

क्लॉदियूसला मजकूर पसंत पडला. रंगारी सोमवारपासून भिंतीवर रंगवणार. ठळक अक्षरं, म्हणाला. लाल.

६ मार्च, शनिवार

आज सकाळी राहवलं नाही. जोआनेसचा हात हातात घेऊन आभार मानायचे होते. काठी टेकत टेकत ब्रुलेच्या बांधापर्यंत गेलो. वेलींत पाऊल टाकलं नाही! दगडी बांधावर बसलो.

तपकिरी कोट ओळीच्या मध्यावर. मी हाक मारली, "जोआनेस!"

कोट वळला. आत फिलोमेन.

 तीच आधी बोलली. "या थंडीत त्या पायानं बाहेर पडलास? अक्कल आहे का?"

"तू... हे... तू?"

"कलम सात!" ती कात्री रोखून ओरडली. "बरावाईट शब्द काढलास तर बेचाळीस माणसं! आणि मी नाही रांधणार!"

"पण हा कोट तर जोआनेसचा!"

"त्याच्या बायकोनं शिवलेला. उरलेल्या कापडाचा माझा. तुम्ही दोघं बोलत नव्हता, आम्ही बोलतो."

मी खाली बसून राहिलो — बसलेलोच होतो, आणखी बसलो. ती पुढची वेल छाटू लागली. जवळून बघितलं. कच. दोन डोळे. बाहेर तोंड.  चाळीस वर्षं माझ्यामागून काड्या वेचता वेचता, बघून बघून, ही माझा हात शिकली! एक शब्दही न विचारता! मी म्हणालो तसं तिला. कलम सात गेलं खड्ड्यात.

ती पाठ करून पुढच्या वेलीकडे वळली. तिला भरून आलं असावं.

७ मार्च

एक उशिरा लक्षात आलं. जोआनेसला मग कशाबद्दल वाटलं मी आभार मानले?

माझ्या पायावर संताला पाडल्याबद्दल.

आणि मी त्याला म्हणालो, "रोज कर!"

बाटली परत मागवावी का? नको. प्यायला असेल. शिवाय त्यानं "फार चांगली" म्हटलंय, आणि ते परत घ्यायला मी त्याला संधी देणार नाही.

१० मार्च

भिंत रंगवून झाली. सगळे जाऊन बघतायत. लाल अक्षरांत "लापालूंचा हात". ड्यूकखालचं गाढव मात्र त्यांनी काढून टाकलं.

फिलोमेनही बघून आली. विचारलं, "कसं दिसतं?"

"अक्षर सुबक आहे," म्हणाली.

१३ मार्च, शनिवार

मंडळानं "बरा झाला" असं वहीत लिहिलं. ब्रुलेतली शेवटची ओळ त्यांनी माझ्यासाठी ठेवलीय. बऱ्या झालेल्या माणसानं आपली शेवटची ओळ आपण छाटायची, अशी रीत. सगळ्यांनी माझ्या आरोग्यासाठी पेले उंचावले. फेर्नांनं विचारलं, "माझं काम कसं वाटलं?"

"बरं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा जो पडला! आता तो एकोणीस वर्षं बोलायचा नाही.

१५ मार्च

आज शेवटची ओळ छाटली. वेलींना पाणी सुटायला लागलंय, कापलं की थेंब टपकतो. कात्री हातात आली आणि जीव थाऱ्यावर आला. पायामुळं दर चार वेलींना थांबायला लागत होतं, काठीवर टेकून दम खायला. एरवी मी ओळीच्या शेवटापर्यंत कधी थांबत नाही. मागे तर कधीच वळत नाही.

आज वळलो. फिलोमेन मागून येत होती, काड्या वेचत. एक काडी वेचायची, आणि मी छाटलेल्या शिंगाला हात लावायची. कच. माझे तीन होते, दोन केले. पुढच्या शिंगावर मी डोळ्याचं तोंड आत ठेवलं होतं, ते बाहेर केलं. पुढच्यालाही. पुढच्यालाही.

मी म्हणालो, "हे काय करतेस?"

"दर वर्षी करते तेच."

"केव्हापासून?"

तिनं जरा आठवून बघितलं. "लग्न झालं त्या हिवाळ्यापासून. लढाईत तू पाच वर्षं कैदेत होतास, तेव्हा तेवढं सोपं होतं. मागे-पुढे मीच."

एक्केचाळीस हिवाळे.  राग येईना, लाज मात्र पायापासून डोक्यापर्यंत आली. मग कात्री तिच्या हातात दिली. राहिलेली ओळ तिनं छाटली. मी मागून काड्या वेचल्या.